लहान व्यवसायांवरील कर : बारामती व इंदापूर

लहान दुकानदार, कारागीर, अडते, स्वतंत्रपणे काम करणारे व्यावसायिक आणि अलीकडील काळात इंटरनेटच्या साहाय्याने माल वा सेवा विकणारे घरगुती उद्योजक यांच्या विक्रीवर व उत्पन्नावर शासनाने बसविलेले कर. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : (१) मालावर वा विक्रीच्या रकमेवर आकारले जाणारे कर, उदा., जकात, विक्रीकर, मूल्यवर्धित कर, वस्तू व सेवा कर. (२) खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावरील कर म्हणजे प्राप्तिकर. आणि (३) धंदा चालविण्याबद्दल दरसाल द्यावयाची ठोक रक्कम, उदा., मोहतर्फा, परवाना कर, व्यवसाय कर. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत हे तिन्ही प्रकार निरनिराळ्या कालखंडांत अंमलात आले. त्यामुळे महाराष्ट्रातील लहान व्यवसायांच्या करआकारणीचा इतिहास या परिसराच्या आधारे सलगपणे पाहता येतो.

मोठ्या व्यापाऱ्याचे उत्पन्न त्याच्या हिशेबवह्यांवरून ठरविता येते. लहान व्यावसायिकाच्या बाबतीत तसे करणे कठीण असते. पुष्कळदा त्याच्यापाशी पुरेशा वह्या नसतात. असल्या तर त्यांत घरखर्च व धंद्याचा खर्च एकत्र मिसळलेला असतो. आणि वह्या नीट ठेवण्यास येणारा खर्च काही वेळा प्रत्यक्ष कराहून अधिक होतो. म्हणून त्याचे उत्पन्न अंदाजाने ठरविण्याकडे शासनाचा कल राहिला. हा अंदाज कोणी करावयाचा, कोणत्या आधारावर करावयाचा आणि तो चुकल्यास त्याचा भार कोणी सोसावयाचा, हे या करांच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होत.

मराठा कालखंड : सतराव्या शतकात पुणे, सुपे, इंदापूर व चाकण हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत. अठराव्या शतकात बारामती ही सावकारीची महत्त्वाची पेठ होती. तेथील बाबूजी नाईक जोशी यांचे घराणे पेशव्यांशी सोयरिकीने जोडलेले होते व कवी मोरोपंत (१७२९–९४) यांना याच घराण्याचा आश्रय लाभला. या काळात जमीनमहसूल हे राज्याचे मुख्य उत्पन्न असले, तरी बिगरशेती धंद्यांकडूनही वसुली होई. मालाच्या ने-आणीवर जकात असे. माल खरेदी केल्याच्या ठिकाणी घेतली जाणारी ती थळभरीत व विकल्याच्या ठिकाणी घेतली जाणारी ती थळमोड, असे तिचे प्रकार होते. जकातीची वसुली बहुधा मक्त्याने दिली जाई. दुकानदार व कारागीर यांच्यावर मोहतर्फा नावाचा कर असे. तो उत्पन्न मोजून न घेता दुकान, माग, तेलाचा घाणा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या साधनांवरून आकारला जाई. या पद्धतीत हिशेब दाखविण्याची कटकट नव्हती. परंतु चालत्या व बसलेल्या धंद्यात भेद करण्याची सोयही तीत फारशी नव्हती.

इंग्रजी अंमल आल्यावर काही काळ हे कर चालू राहिले. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३८ च्या पहिल्या अधिनियमाने रद्द करण्यात आल्या. १८४४ च्या एकोणिसाव्या अधिनियमाने नगरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरील अन्य पट्ट्या यांचा शेवट झाला. बंगालमध्ये असे कर १७९३ मध्येच बंद झाले होते. मद्रास इलाख्यात मात्र मोहतर्फा त्यानंतरही काही काळ टिकून होता. अशा रीतीने १८४४ ते १८६० ही सोळा वर्षे बारामती-इंदापूर भागातील साळी, तेली, सोनार किंवा किराणा दुकानदार यांना धंद्याबद्दल सरकारला कोणताही सर्वसाधारण प्रत्यक्ष कर द्यावा लागत नव्हता.

इंदापूरची पाहणी : निव्वळ उत्पन्न अचूक मोजून त्यावर कर बसविण्याचा पश्चिम भारतातील पहिला मोठा प्रयत्न व्यापारावर नव्हे, तर जमिनीवर झाला आणि त्यात इंदापूर तालुक्याला विशेष स्थान आहे. मुंबई सरकारचे अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात जमीनपाहणी सुरू केली. खंडाविषयीच्या तत्कालीन इंग्रजी अर्थशास्त्रीय सिद्धांताचा त्यांच्यावर प्रभाव होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण पीक काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यावा, अशी त्यांची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. परंतु पीक व खर्च यांचे आकडे विश्वसनीय नव्हते आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या नोंदींत गैरप्रकारही आढळून आले. इंदापुरात आकारणी डोईजड ठरली, थकबाकी वाढत गेली आणि पुष्कळ जमीन पडीक राहिली.

सहायक कलेक्टर एच. ई. गोल्डस्मिड यांनी १८३५ मध्ये या आकारणीतील दोष सरकारच्या नजरेस आणले. त्यानंतर गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्याची फेरआकारणी केली. १८३६ मध्ये लागू झालेले नवे दर पूर्वीपेक्षा हलके होते व ते तीस वर्षे न बदलण्याची हमी देण्यात आली. या पद्धतीत निव्वळ उत्पन्न मोजण्याचा अट्टाहास सोडून देण्यात आला. जमिनीची प्रत, पूर्वीच्या वसुलीचा अनुभव, बाजारपेठेचे अंतर अशा दिसणाऱ्या व पडताळता येणाऱ्या गोष्टींवरून व्यवहार्य दर ठरविण्यात आले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध झाली व मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. अचूकतेचा आभास निर्माण करणाऱ्या मोजणीपेक्षा साधा, हलका व आगाऊ माहीत असलेला दर करदात्याला व सरकारला, दोघांनाही अधिक सोयीचा असतो, हा इंदापूरच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. लहान व्यवसायांच्या करआकारणीत तो पुढे पुन:पुन्हा प्रत्ययास आला.

प्राप्तिकराचा आरंभ : १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीत मोठी तूट आली. ती भरून काढण्यासाठी भारताचे पहिले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रु. उत्पन्नावर २ टक्के व त्यापुढील उत्पन्नावर ४ टक्के असे त्याचे दर होते. दरमहा सुमारे १७ रु. मिळविणारा माणूस करपात्र ठरत असल्याने तालुक्याच्या पेठेतील किरकोळ दुकानदारही त्याच्या कक्षेत आला. विवरणपत्र भरून आपले उत्पन्न स्वतः जाहीर करण्याची कल्पना लोकांना सर्वस्वी नवी होती. लहान उत्पन्नांची चौकशी करण्यास श्रम फार व वसुली थोडी, असे आढळल्याने १८६२ मध्ये करमुक्त मर्यादा ५०० रु. करण्यात आली आणि १८६५ मध्ये हा कर संपुष्टात आला.

यानंतरची वीस वर्षे धरसोडीची होती. १८६७ मध्ये परवाना कर, १८६८ मध्ये प्रमाणपत्र कर, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग झाले व १८७३ मध्ये तेही थांबले. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाच्या निधीसाठी मुंबई इलाख्यात १८७८ च्या अधिनियमान्वये व्यापारी व कारागीर यांच्यावर परवाना कर बसविण्यात आला. प्रारंभी वार्षिक १०० रु. उत्पन्न असलेल्यांनाही तो द्यावा लागे. सरकारी नोकर व वकील, वैद्य यांसारखे व्यावसायिक मात्र त्यातून सुटले होते. ज्यांनी नुकताच दुष्काळ सोसला त्यांच्यातील गरिबांकडूनच वसुली व्हावी आणि सुस्थित वर्गाला सूट मिळावी, या विसंगतीवर कडक टीका झाली. सुरत येथे एप्रिल १८७८ मध्ये या कराविरुद्ध दंगा झाला. अखेर १८८० मध्ये या कराचीही किमान मर्यादा ५०० रु. पर्यंत वाढविण्यात आली.

हिशेबवह्यांचा प्रश्न : याच काळात या परिसरात घडलेल्या एका घटनेने लेखी हिशेबाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८३६ च्या इंदापूरच्या जमाबंदीची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये वाढीव दर लागू झाले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वाढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. कर्जबाजारी शेतकऱ्यांचा असंतोष वाढत गेला आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील व आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांवर हल्ला झाला. तेथून हे दंगे पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कर्जरोखे व खातेवह्या यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. जी वही फक्त एकाच पक्षाला वाचता येते, ती दुसऱ्या पक्षाला पुरावा न वाटता हत्यार वाटते, हे या दंग्यांतून दिसले. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी साहाय्य अधिनियमाने ऋणकोला पावती व खात्याचा उतारा देणे धनकोवर बंधनकारक केले आणि दस्तऐवज गावपातळीवर नोंदविण्याची व्यवस्था केली. लहान माणसाशी होणाऱ्या व्यवहाराची नोंद त्याच्याही हाती असली पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

१८८६ चा अधिनियम व नंतरचा काळ : १८८६ च्या दुसऱ्या अधिनियमाने प्राप्तिकर कायम स्वरूपात स्थापन झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळण्यात आले. ही सूट पुढील सर्व अधिनियमांत टिकून राहिली. करमुक्त मर्यादा ५०० रु. होती. व्यापार व इतर मार्गांनी होणाऱ्या लहान उत्पन्नांसाठी टक्केवारीऐवजी गटवार ठोक रकमा ठरविण्यात आल्या होत्या. ५०० ते ७५० रु. उत्पन्नाच्या गटाला १० रु., ७५० ते १,००० रु. च्या गटाला १५ रु. असा कर असे. व्यापाऱ्याचे नेमके उत्पन्न न ठरविता त्याचा गट ठरविणे पुरेसे होई. १९०३ मध्ये करमुक्त मर्यादा १,००० रु. करण्यात आल्यावर तालुक्याच्या गावांतील बहुसंख्य दुकानदार प्राप्तिकरातून बाहेर पडले. १९१८ व १९२२ च्या अधिनियमांनी करआकारणी हिशेबांवर आधारण्याचा आग्रह धरला. तथापि वह्या अपुऱ्या वा अविश्वसनीय वाटल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या निर्णयबुद्धीने उत्पन्न ठरवावे, ही मुभाही ठेवली.

शेतीच्या उत्पन्नाला मिळालेल्या सुटीचे परिणाम या परिसरात ठळकपणे जाणवले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाल्यावर बारामती व इंदापूर भागांत उसाची लागवड व गुळाचा व्यापार वाढला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. ऊस पिकवून विकणारा बागायतदार प्राप्तिकरापासून मुक्त होता. परंतु दुसऱ्याचा ऊस विकत घेऊन गूळ करणारा गुऱ्हाळवाला, तो विकणारा अडत्या, बैलगाडी वा मालमोटार भाड्याने देणारा आणि कारखान्याचा लहान कंत्राटदार हे सर्व करपात्र ठरत. एकाच कुटुंबात शेती व दुकान दोन्ही असत. तेव्हा कोणते उत्पन्न कशाचे, हे वेगळे दाखविण्याची जबाबदारी करदात्यावर पडे.

विक्रीकर : १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांना दिला. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला. मुंबई प्रांतात १९४६ च्या अधिनियमान्वये तो १ ऑक्टोबर १९४६ पासून लागू झाला. १९५२ चा नवा अधिनियम न्यायालयीन वादात सापडल्याने १९५३ मध्ये दुसरा अधिनियम करावा लागला. शेवटी १९५९ चा मुंबई विक्रीकर अधिनियम १ जानेवारी १९६० पासून अंमलात आला व महाराष्ट्र राज्यात तो पंचेचाळीस वर्षे चालला. आंतरराज्य विक्रीसाठी १९५६ चा केंद्रीय विक्रीकर अधिनियम होता. यांशिवाय नगरपालिकांची जकात होतीच. बारामती व इंदापूर येथे १८६५ मध्ये नगरपालिका स्थापन झाल्या होत्या आणि जकात हे अशा नगरपालिकांचे प्रमुख उत्पन्न असे. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली.

विक्रीकर ग्राहकाने द्यावयाचा व व्यापाऱ्याने तो गोळा करून भरावयाचा, अशी कल्पना असल्याने दुकानदार हा शासनाचा बिनपगारी वसुली-कारकून बनला. ठराविक उलाढालीखालील दुकानदारांना नोंदणीतून सूट असे. पण नोंदणी नसलेल्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट वा सवलत मिळत नसे. १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. त्यात खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर दिलेल्या कराची वजावट मिळू लागली. साहजिकच प्रत्येक बिल जपून ठेवणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले.

व्यवसाय कर : १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. बारामती व इंदापूर तालुक्यांचा कालव्याबाहेरील जिराईत भाग अवर्षणप्रवण असल्याने त्यालाही या कामांची गरज होती. या योजनेला निधी मिळावा म्हणून १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागू करण्यात आला. संविधानाने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रु. ठरविली होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रु. झाली. १८७८ च्या परवाना कराशी या कराचे साम्य लक्षणीय आहे. दोन्ही दुष्काळनिवारणासाठी व दोन्ही ठोक स्वरूपाचे. भेद असा की, १९७५ च्या करातून नोकरदार, वकील व वैद्य सुटले नाहीत, तर नियमित मिळकत असलेल्या वर्गाकडून रोजगारासाठी झगडणाऱ्या वर्गाकडे पैसा वळविणे हाच त्याचा हेतू होता.

अनुमानित उत्पन्नाची पद्धत : १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात हिशेब ठेवण्यासंबंधीची कलमे क्रमाने कडक होत गेली. १९७६ पासून विशिष्ट व्यावसायिकांना वह्या ठेवणे सक्तीचे झाले, तर १९८४ च्या वित्त अधिनियमाने धंद्यासाठी ४० लाख रु. व व्यवसायासाठी १० लाख रु. या मर्यादेपुढे लेखापरीक्षण सक्तीचे केले. त्याच वेळी मर्यादेखालील करदात्यांसाठी जुना ठोक अंदाज नव्या रूपात परत आला. १९९२ च्या योजनेत ५ लाख रु. पर्यंत उलाढाल असलेल्या किरकोळ विक्रेत्याला वर्षाला १,४०० रु. भरून मोकळे होण्याची सोय होती. पुढे विक्रीच्या ठराविक टक्के रक्कम हेच उत्पन्न समजण्याची पद्धत रूढ झाली. विक्रीच्या ८ टक्के व रोखीखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे बँक वा डिजिटल व्यवहाराने, आलेल्या रकमेच्या ६ टक्के उत्पन्न गृहीत धरले जाते. ही सोय २ कोटी रु. पर्यंतच्या उलाढालीला आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास २०२३ पासून ३ कोटी रु. पर्यंतच्या उलाढालीला मिळते. एकदा ही पद्धत स्वीकारून नंतर सोडल्यास पुढील पाच वर्षे ती पुन्हा घेता येत नाही.

स्वतंत्र व्यावसायिकांसाठी अशीच सोय २०१६ च्या वित्त अधिनियमाने झाली. एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न मानली जाते. जमेची मर्यादा ५० लाख रु. असून रोखीचा भाग अल्प असल्यास ती ७५ लाख रु. आहे. तथापि ही सोय अधिनियमाने व अधिसूचनांनी निर्दिष्ट केलेल्या व्यवसायांपुरतीच आहे. विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान इ. व्यवसाय तीत मोडतात. चित्रपटासाठी संवाद लिहिणारा लेखक या यादीत येतो. पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्याचा मात्र तीत नामनिर्देश नाही. त्यामुळे एकाच प्रकारे घरी बसून लिहिणाऱ्या दोघांना वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात.

वस्तू व सेवा कर : सेवांवरील केंद्रीय कर १ जुलै १९९४ रोजी तीन सेवांपासून सुरू झाला व २०१२ मध्ये जवळजवळ सर्व सेवांना लागू झाला. या काळात संगणक-आज्ञावली ही वस्तू की सेवा, हा वाद निर्माण झाला. बाजारात तयार मिळणारी आज्ञावली ही वस्तूच होय व तिच्यावर विक्रीकर लागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. १ जुलै २०१७ पासून मूल्यवर्धित कर व सेवाकर हे दोन्ही वस्तू व सेवा करात विलीन झाले आणि वादाचे महत्त्व पुष्कळसे कमी झाले. सेवांसाठी २० लाख रु. व १ एप्रिल २०१९ पासून केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात ४० लाख रु. वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची गरज नाही. दीड कोटी रु. पर्यंत उलाढालीचा व्यापारी वा उत्पादक आपसमेळ योजनेखाली उलाढालीच्या १ टक्का कर भरू शकतो. मात्र त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात विक्री करता येत नाही.

ऑनलाइन विक्रीला हे नियम लागू करताना काही अडचणी उद्भवल्या. ऑनलाइन बाजारपेठेतून वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली, तरी आरंभी नोंदणी सक्तीची होती. राज्यांतर्गत विक्रीपुरती ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर शिथिल करण्यात आली. परराज्यात वस्तू पाठविणाऱ्याला हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद वगळता पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी करावी लागते. सेवांच्या बाबतीत मात्र आंतरराज्य व्यवहारालाही २० लाख रु. ची सूट ऑक्टोबर २०१७ पासून आहे. याचा परिणाम असा होतो की, बारामतीत बसून बंगळूरच्या कंपनीसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला वर्षाला १८ लाख रु. मिळाले, तरी नोंदणी लागत नाही; इंदापूरहून कर्नाटकातील ग्राहकाला चटणीची बरणी पाठविणाऱ्या गृहिणीची वार्षिक विक्री दोन लाख रु. असली, तरी लागते. राज्याच्या सीमेवर आता जकातनाका नाही. परंतु लहान विक्रेत्याच्या दृष्टीने ती सीमा पूर्णपणे पुसली गेलेली नाही.

उत्पन्न व उलाढाल या दोन मापांतील अंतरही महत्त्वाचे आहे. प्राप्तिकराच्या नव्या कररचनेत २०२५ च्या वित्त अधिनियमाने १२ लाख रु. पर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. वरील उदाहरणातील तरुणाचे अनुमानित उत्पन्न १८ लाखांच्या निम्मे, म्हणजे ९ लाख रु. होते व त्यावर कर देय नसतो. तरीही त्याला पैसे देणारी कंपनी व्यावसायिक शुल्कातून १० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रु. उगमस्थानीच कापून सरकारात भरते आणि विवरणपत्र दाखल केल्यावर ते परत मिळतात. कर देय नसताना कित्येक महिने भांडवल अडकून पडणे, हा लहान व्यावसायिकाला प्रत्यक्ष करासारखाच भार वाटतो. ऑनलाइन बाजारपेठाही विक्रेत्याला पैसे देताना अशी कपात करतात. प्राप्तिकरापोटी ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेली १ टक्का कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ०·१ टक्का करण्यात आली. वस्तू व सेवा करापोटी नोंदणीकृत विक्रेत्यांकडून गोळा होणारी १ टक्का रक्कम १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाली.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानसारख्या (स्थापना १९७२) संस्थांच्या महाविद्यालयांतून संगणक व अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला वर्ग आणि दोन्ही तालुक्यांतील शेतमालावर प्रक्रिया करणारे घरगुती उद्योग यांना हे नियम नित्य लागू पडतात. गुळाचे उदाहरण बोलके आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किग्रॅ. पर्यंतच्या वजनात बांधून व लेबल लावून विकलेल्या गुळावर ५ टक्के कर लागला. सुटा विकलेला गूळ करमुक्त राहिला. इंटरनेटवरून विकावयाचा माल बांधून व लेबल लावूनच पाठवावा लागत असल्याने या कराचा संबंध विक्रीच्या नव्या पद्धतीशी अधिक येतो.

मूल्यमापन : मोहतर्फ्यापासून अनुमानित उत्पन्नापर्यंतच्या या वाटचालीत ठोक अंदाज व हिशेबाधारित आकारणी या दोन टोकांमध्ये शासन सतत फिरत राहिलेले दिसते. ठोक अंदाज हलका असेल तर तो लहान करदात्याला पटतो. पण मंदीच्या वर्षात तोच अन्यायकारक ठरू शकतो. म्हणून खरे उत्पन्न कमी असल्यास वह्या दाखवून तसे सिद्ध करण्याचा मार्ग आधुनिक अधिनियमांनी खुला ठेवला आहे. मात्र वह्या ठेवणे व मर्यादेनुसार लेखापरीक्षण करून घेणे यांचा खर्च करदात्यावरच पडतो. दुसरा बदल नोंदींच्या मालकीचा आहे. १८७५ मध्ये सुप्याला जाळलेली वही सावकाराच्या घरात होती. आज लहान विक्रेत्याच्या व्यवहाराची नोंद बँक, ऑनलाइन बाजारपेठ व करविभाग यांच्याकडे आपोआप जमा होते. त्याने स्वतः विवरणपत्र भरण्यापूर्वीच त्याच्या जमेचा बराचसा तपशील प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहितीपत्रकात नोंदलेला असतो. तो त्याला पाहता येतो व चूक असल्यास कळविता येते. १८७९ च्या अधिनियमाने मान्य केलेल्या तत्त्वाशी हे सुसंगत आहे. परंतु ती चूक वेळेवर ओळखून दुरुस्त करून घेण्याइतके करज्ञान किंवा सल्लागाराची फी परवडण्याइतके उत्पन्न प्रत्येकापाशी असतेच असे नाही.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमाला १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख देण्यात आली. त्याची भाषा सुटसुटीत करण्यात आली असून अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदी त्यात कायम आहेत. दर हलका असावा, तो आगाऊ माहीत असावा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आधारलेला असावा, ही इंदापूरच्या १८३६ च्या फेरआकारणीतील सूत्रे लहान व्यवसायांच्या करआकारणीला आजही लागू पडतात.